शांतवनची शिमटी

नांदेडच्या बसस्टँडवर भर दुपारी कधी उभं राहिलात, तर शांतवन भालेरावचा आवाज तुमच्या कानावर पडल्याशिवाय राहायचा नाही. "लोह्यावरून लातूरला जाणारी गाडी फलाटाला लागली हाय. ढकलाढकली करू नका, लेकरं आधी हाताला धरा!" शेवटचं वाक्य काही नियमात बसत नाही, पण कंट्रोलरच्या खोलीतला माईक त्याच्या हातात, त्याला अडवणार कोण? त्या आवाजाला देगलूरचा ड्रायव्हर अर्धा चहा टाकून उठतो. धर्माबादचा कंडक्टर तोंडातली सुपारी तशीच ठेवून पळतो. अन् मग खोलीतून बारीक चणीचा, गळ्यापर्यंत बटण लावलेला एक माणूस डबा घेऊन बाहेर पडतो, तर लोक त्याच्या मागं बघत राहतात, तो आवाजवाला कधी बाहेर येतोय म्हणून.

एवढा हुकमी आवाज देऊन देवानं ह्या माणसाला काळीज मात्र लोण्याचं दिलं. आता ह्याला काय म्हणावं! मांजराचं पिल्लू दूध सांडून पळालं, तर हा त्याच्या मागं वाटी घेऊन जाणार. असला माणूस चर्चच्या आख्ख्या मंडळीत कडक बाप म्हणून गाजला, ही गंमतच ऐकण्यासारखी आहे.

लग्नाआधी मंडळीच्या पाळकसाहेबांनी शांतवनला अन् करुणाला समोरासमोर बसवून चार गोष्टी सांगितल्या होत्या. लेकरू म्हणजे देवाची ठेव. शास्त्र म्हणतं छडी आवरू नका. पण रागात उचलूही नका. आधी प्रार्थना, मग मोजके फटके, मग पोटाशी धरायचं. करुणानं मान डोलावली. ती लातूरच्या मुलींच्या बोर्डिंगात वाढलेली, आई तिथं वॉर्डन. आईच्या चपला वाजल्या की व्हरांडाभर पोरी चिडीचूप. शांतवननंही मान डोलावली. तेव्हा त्याला लेकरू नव्हतं. लेकरू नसताना शिस्तीला मान डोलवायला काय लागतंय?

मग हन्ना झाली, तिच्या मागं योना झाला, अन् डोलावलेल्या मानेचा हिशेब द्यायची वेळ आली.

हन्ना पाच वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. नाताळ उद्यावर आलेला. घरात गव्हाणी मांडलेली, तिच्यात मातीचा बाळ येशू. हन्नाला वाटलं, ह्याला थंडी वाजून राहिली. तिनं कात्री घेतली अन् करुणाच्या नव्या कोऱ्या साडीचा जरीचा पदर कापून बाळाला दुपटं केलं. करुणा साडी बघून मटकन खाली बसली. "तुमीच बघा आता," ती नवऱ्याला म्हणाली. "मी हात लावला तर रागात लागंल. रागात मारायचं न्हाई, असं ठरलंय आपलं."

शांतवननं दारामागची शिमटी घेतली. शिमटी म्हणजे लिंबाची बारीक फोक. पोरं जन्मायच्या आधीच त्यानं हौसेनं सोलून, वाळवून ठेवलेली. पोरीला आतल्या खोलीत नेलं, दार लावलं. राग त्यालाही आलेला होता. चांगला आलेला होता. पण नियमाप्रमाणं आधी प्रार्थना, अन् तिथंच सगळा घोटाळा झाला. डोळे मिटून देवाशी चार शब्द बोलला अन् राग कुठल्या कुठं गेला. राग असताना मारायचं नाही, अन् राग गेल्यावर हात उठत नाही. मग माणसानं मारायचं तरी कधी? त्यानं डोळे उघडले. समोर हन्ना, दोन्ही तळहात पुढं केलेले, डोळे गच्च मिटलेले, ओठ थरथरतायत. दाराबाहेर करुणा कान देऊन उभी.

शांतवननं शिमटी उचलली अन् सप्पकन गादीवर हाणली.

हन्ना दचकली, "आई गं!" तिच्या तोंडून आपोआप निघालं. मग तिनं एक डोळा उघडला. गादीकडं बघितलं. बापाकडं बघितलं. अन् दुसऱ्या फटक्याला पोरीनं जी बोंब ठोकली, ती ऐकून शांतवनच घाबरला.

झालं. त्या दिवसापासून भालेरावांच्या घरात शिस्तीला सुरुवात झाली. योना बोलायला लागला तसा तोही ह्या कारभारात भागीदार झाला, अन् हे पोरगं तर बहिणीच्या चार पावलं पुढं. "मेलो! मेलो! आता बास करा ओ बाबा!" असा टाहो फोडायचा, की शांतवनला त्याच्या तोंडावर हात ठेवून कुजबुजावं लागायचं, "अरे दम खा, अजून दुसराच चालू हाय." खोलीतून बाहेर येताना दोघं डोळ्यांना थुंकी लावून यायची. बाहेर करुणा उभीच असायची, तूप-साखर लावलेली पोळी घेऊन. तिचे स्वतःचेच डोळे सुजलेले असायचे. पलीकडच्या महामायाआजी भिंतीवर मुठी मारायच्या, "शांतवनभाऊ, लेकरू हाय का ढोर हाय? पुरं करा आता!" अन् दुसऱ्या दिवशी पोरांना बोलावून ओंजळभर फुटाणे द्यायच्या. एका नाटकाची अशी दोन घरी कमाई. पुढं पुढं तर तूप-साखर खावी वाटली की पोरं मुद्दाम काहीतरी सांडून ठेवायची. आता बोला!

महामायाआजींनी ही कथा गल्लीत सांगितली, गल्लीतून ती मंडळीत गेली. रविवारच्या उपासनेला हन्ना-योना बाकावर गप बसायची. घरी धिंगाणा घालून घालून दमलेली असायची, दुसरं काय! पण बघणारे म्हणायचे, "शिस्त बघा शिस्त. शांतवन दिसतोय गरीब, पण हात सोडत न्हाई." पहिल्यांदा शांतवनला लाज वाटली. मग सवय झाली. मग, खोटं कशाला सांगू, आवडायला लागलं.

अशात जेकबमास्तर थकले. कित्येक वर्षं मंडळीचं संडेस्कूल त्यांच्या हाताखाली, अन् त्यांच्या हातात वेताची छडी. आता त्यांची जागा कुणाला द्यायची, ह्यावर कमिटीत शांतवनचं नाव निघालं. शांतवनला ती जागा मनापासून पाहिजे होती. बसगाड्यांची नावं पुकारून पुकारून त्याचा जन्म चाललेला. आपला हा आवाज रविवारी तरी लेकरांना बायबलातली दावीद-गल्याथाची गोष्ट सांगायला वापरावा, एवढीच त्याची इच्छा. रात्रंदिवस तेच डोक्यात. कमिटीचा रिवाज असा, की ज्याच्या हाती लेकरं द्यायची त्याचं घर आधी बघायचं. जो स्वतःची दोन सांभाळत नाही, तो दुसऱ्याची काय सांभाळणार? रविवारी दुपारी येतो, असा पाळकसाहेबांचा निरोप आला.

शांतवननं पोरांना परसात हौदापाशी नेलं. "आज पाव्हण्यांसमोर गादीचा विषय काढायचा न्हाई. कबूल?"

"पाव्हण्यांना एक शब्द बी सांगणार न्हाई," योना गळ्याला हात लावून म्हणाला.

दुपारी तिघं आले. पाळकसाहेब आले. जेकबमास्तर आले. अन् उमाबाई आल्या, कमिटीतल्या सगळ्यांत जुन्या, दवाखान्यात नर्स म्हणून जन्म गेलेल्या. त्यांच्यासमोर पाळकसाहेबसुद्धा जपून बोलायचे. मंडळीच्या रिवाजाप्रमाणं "सलाम, सलाम" झालं. चहा झाला, चिवडा झाला. हन्नानं बायबलातली सुवर्णवचनं घडाघडा म्हटली. योना मधेच उठून बाहेर गेला अन् शहाण्यासारखा परत येऊन बसला. जेकबमास्तर खूश. "अशी पोरं पाहिजेत," ते म्हणाले. "छडीशिवाय हे होत न्हाई."

शांतवननं मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

"चला, आता सगळे मिळून प्रार्थना करू," पाळकसाहेब म्हणाले. "धाकट्यापासून सुरू करू या."

ख्रिस्ती घरात एक नियम पक्का. कुणी प्रार्थना करत असला, की तो आमेन म्हणेपर्यंत मधे बोलायचं नाही अन् डोळे उघडायचे नाहीत. छपरावर माकडं नाचली तरी नाही. सगळ्यांनी डोळे मिटले, अन् योनानं हात जोडले.

"हे स्वर्गातल्या बापा, पोळी दिलीस म्हणून तुझे उपकार. महामायाआजीचा गुडघा बरा कर. अन् आमच्या गादीला बरं कर."

शांतवननं मिटल्या डोळ्यांनीच योनाची बाही चाचपली, पण हाताला नुसती चटई लागली.

"बाबा तिला शिमटीनं लई मारतात. चूक आमची असती अन् मार तिला बसतो. तिच्या पोटातला कापूस बाहेर आलाय. तिला रडता येत न्हाई, म्हणून आमालाच रडावं लागतंय. मी जोरात रडतो, तू ऐकलं असशील. तिला लवकर बरं कर, कारण आज अजून एक चूक झालेली हाय. येशूच्या नावानं मागतो, आमेन."

दुसऱ्याचा मार येशूनं आपल्या अंगावर घेतला, ह्यावर पाळकसाहेबांनी आजवर कितीतरी प्रवचनं केली असतील, पण त्यांत गादी कधी आली नव्हती. त्यांचे खांदे हलायला लागले. जेकबमास्तरांच्या घशातून काहीतरी घर्र वाजलं. पण नियम तो नियम; लगेच हन्नाची पाळी. ती आठ वर्षांची झालेली, शहाणी. बापाला वाचवायला निघाली.

"हे प्रभू, योना लहान हाय, त्याचं मनावर घेऊ नको. बाबा गादीला रोज न्हाई मारत. आम्ही चुकलो तरच मारतात. आम्हाला त्यांनी कधी बोट बी लावलं न्हाई." इथवर सगळं ठीक होतं. मग पोरीचा आवाज जरा खाली आला. "अन् प्रभू, मी खोटं रडते ते पाप हाय का ते मला कळत न्हाई. मी आईला फशिवते. असलं पाप, तर ते बाबांच्या नावावर लावू नको, माझ्या नावावर लाव. आमेन."

शांतवननं मिटलेले डोळे आणखी गच्च मिटले. मार चुकवला, माया केली, एवढंच त्याला वाटत होतं इतके दिवस. पोरीच्या मनाला हे असलं ओझं होत असेल, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

मग करुणाची पाळी. ती दात आवळून बोलली.

"हे दयाळू पित्या. ह्या माणसानं आत शिमटी उचलली की मी मोरीत नळ सोडून रडत होते. माझ्या लेकरांच्या अंगावर वळ उठले असतील म्हणून मला घास उतरत न्हवता. बघायची छाती होईना म्हणून मी त्यांचे हात बी कधी बघितले न्हाईत. मला वाटायचं, ह्यांना हेच बराबर वाटतंय, मधे कसं बोलावं. डब्यातलं तूप संपवलं मी ह्या दोन चोरांपायी! अन् हे तिघं आत कापूस पिंजून राहिले होते. प्रभू, मला ह्यांना माफ करायची बुद्धी दे. आज न्हाई दिली तरी चालंल, उद्या-परवा दे. आमेन!"

ते आमेन भिंतीपलीकडं महामायाआजींनाही ऐकू गेलं असणार.

शेवटी घरधन्यानं प्रार्थना आटोपायची. शांतवननं तोंड उघडलं, "हे प्रभू," म्हणाला अन् थांबला. ह्या घरात आत्ता जो तो देवाला पुढं करून दुसऱ्याला सुनावत होता. ज्याला सांगायचं तो हातभर अंतरावर, अन् बोलायचं आभाळाकडं. आपणही तसंच चार शब्द म्हणून मोकळं व्हावं, एवढं सोपं होतं. पण हन्नाचं बोलणं त्याच्या छातीत रुतून बसलेलं. त्यानं डोळे उघडले. आमेनच्या आधीच उघडले. गुडघ्यावर सरकत तो पोरीसमोर गेला अन् तिचे हात धरले.

"हन्ना, बाई, डोळे उघड. पाप तुझं न्हाई. खोटं रडायला तुला मी शिकवलं. मला मारायचं न्हवतं, अन् मारत न्हाई हे सांगायची हिंमत बी न्हवती. चुकलं माझं." मग करुणाकडं वळला. "तुझ्या बाबतीत बी चुकलो गं. लई चुकलो."

"डोळे मिट रे, प्रार्थना चालू हाय!" जेकबमास्तर डोळे मिटूनच ओरडले.

"मास्तर, ही बी प्रार्थनाच हाय," उमाबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे कधीच उघडलेले होते. "आमेन म्हणा अन् उठा."

करुणा नाकावर पदर धरून बसली होती. रडत होती की हसत होती, कुणाला कळलं नाही. योना तेवढा बापाला म्हणाला, "मी पाव्हण्यांना कुठं सांगितलं? मी तर देवाला सांगितलं."

उमाबाईंनी चष्मा पुसला. "शांतवन, संडेस्कूल तुला मिळायचं न्हाई. मारत न्हाईस म्हणून न्हाई हां. मी बी माझ्या पोरांना मारलं न्हाई, अन् ती काही वाया गेली न्हाईत. पण लेकरांना तू खोटं शिकवलंस अन् त्यावर इज्जत कमावलीस. तुझ्या हाती सगळी पोरं दिली तर रविवारी संडेस्कूल न्हाई, नाटक कंपनी भरंल."

"बराबर हाय, बाई," शांतवन म्हणाला. बराबर होतं, पण लागायचं ते लागलंच. दावीद-गल्याथाची गोष्ट पोटातच राहिली.

पाहुणे उठले. उंबऱ्यापाशी येऊन पाळकसाहेब थांबले. तिथं त्यांची एकच चप्पल होती.

शोधाशोध सुरू झाली. करुणानं खाटेखाली बघितलं, जेकबमास्तरांनी पायरीखाली बघितलं. शांतवननं योनाकडं बघितलं.

"हन्नानं टाकली!" योना लगेच ओरडला. अन् कुणी काही विचारायच्या आत त्यानं गळा काढला, "आई गं! मी न्हाई! मेलो मेलो! मी न्हाई ओ बाबा!"

काय ते रडणं! शेजारच्या भिंतीवर लगेच मुठी वाजल्या. हन्नाचं तोंड पांढरं पडलं. अन् शांतवनला त्या रडण्यातला सूर न् सूर ओळखू आला. बंद दाराआड त्यानं स्वतःच बसवून घेतलेला होता तो. ह्याआधी त्याला ह्याचं हसू यायचं. आज अंगावर काटा आला.

तो पोरासमोर खाली बसला. शिमटी आणली नाही, दार लावलं नाही. "योना, चप्पल कुठं हाय?"

"कुत्र्यानं नेली."

"चप्पल कुठं हाय?"

योनाचं रडणं जरा कमी झालं. "हौदात. बोट केली तिची."

"जा, काढून आण. पूस. अन् पाळकसाहेबांना तूच दे. कुणी टाकली ते सांग. हन्नाचं खोटं नाव घेतलं, ते बी सांग."

"तुमी सांगा ना बाबा."

"न्हाई."

"मग मला मारा. गादीवर मारा, मी रडतो."

"गादीची चूक न्हाई."

योनानं आईकडं बघितलं. करुणाचं पाऊल पुढं पडलं होतं, पण तिनं नवऱ्याचं तोंड बघितलं अन् ती जागीच थांबली. जेकबमास्तर काहीतरी म्हणायला गेले, तर उमाबाईंनी त्यांचा कोट मागून ओढला. कुणीच सोडवायला येईना, असं पहिल्यांदाच झालं होतं. योना गेला. हौदातून चप्पल काढली, सदऱ्याला पुसली. सदरा ओला झाला, चप्पल तशीच राहिली.

अंगण ते केवढं! पण पोराला ते ओलांडता ओलांडता युग गेलं. शांतवन उंबऱ्यात उभा होता. जाऊन त्याला उचलावं, चप्पल आपण द्यावी, चार शब्द आपण बोलावेत असं त्याला आतून होत होतं. इतकं होत होतं, की त्यानं दाराची चौकट धरून ठेवली.

योना पाळकसाहेबांसमोर उभा राहिला. त्याची हनुवटी लटलट हलत होती. गालावरून पाणी वाहत होतं, अन् तोंडातून आवाज म्हणून नाही. आई गं नाही, मेलो नाही.

"मी टाकली. हन्नानं न्हाई. मी खोटं बोललो."

पाळकसाहेबांना हसून त्याच्या डोक्यावरून हात फिरवता आला असता. पण शहाणा माणूस, हसले नाहीत. "बरं, बाळा. सांगितलंस ते चांगलं केलंस," एवढंच म्हणाले, ओली चप्पल पायात घातली अन् पचपच वाजवत पायरी उतरून गेले.

योना माघारी आला. बापाच्या पँटला तोंड घासत तसाच उभा राहिला. मग मान वर करून त्यानं बापाला सांगितलं,

"बाबा, ह्या बारीला लई लागलं."

शांतवननं त्याला उचलून घेतलं.

"हाव लेकरा," तो म्हणाला. "मला बी."